आखाजीच्या तोंडावर उपसलेला आड

माझं माहेर शिंदखेड्याकडचं. आमच्याकडे उन्हाळ्यात आंघोळ म्हणजे मोठ्या परातीत बसून अंगावर चार तांबे ओतायचे. परातीत साचलेल्या पाण्यावर मग भांडी निघायची, आणि भांड्यांचं पाणी अंगणात शिंपायचं. त्यामुळे नशिराबादजवळच्या एका गावातलं स्थळ सांगून आलं, तेव्हा माझी आई मुलगा पाहायला गेली आणि घराच्या मागे असलेला आडच जास्त वेळ पाहून आली. कठड्यावरून वाकून तिने आत पाहिलं, लहानसा खडा टाकून आवाज ऐकला. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, मुलगा कसा आहे. ती म्हणाली, "चांगला शे." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तुना दारमा पानी शे. आते आखो काय जोयजे?" दारातच पाणी आहे, आता आणखी काय हवं, असं तिचं म्हणणं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मुलगाही तसा चांगलाच निघाला, पण त्याचं कौतुक इथे करत नाही.

आड म्हणजे शेतातल्या विहिरीसारखा ऐसपैस नव्हता. घराच्या परसात असतो तसा, अरुंद आणि गोल. खाली दोन माणसं उभी राहिली तर खांद्याला खांदा लागेल एवढाच घेर. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी तो खणवून घेतला होता आणि आतून काळ्या दगडांनी बांधून काढला होता. उतरायला सोयीचं व्हावं म्हणून मधूनमधून एकेक दगड बाहेर काढून ठेवलेला. वरचा कठडा मात्र गुडघ्याएवढा, आणि एका बाजूने ढासळलेला. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा आणि सासूबाईंना जिजी. मीही तेच म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात जिजींनी मला आडाचे नियम सांगितले. चप्पल घालून आडाभोवतीच्या ओट्यावर यायचं नाही. पोहरा जमिनीवर टेकवायचा नाही, खुंटीला लावायचा. दोर ओला असला तर वाळत टाकायचा. कपडे इथे धुवायचे नाहीत, मोरीत धुवायचे. कठड्यावर लेकरू बसवायचं नाही, आपणही बसायचं नाही. पाणी कोणालाही द्यायचं, पण पोहरा आपलाच वापरायचा, कारण कोणाची बादली कुठे कुठे ठेवलेली असते ते आपल्याला ठाऊक नसतं. मी सगळ्याला मान डोलावली. मला तर पोहरा भरून वर येताना पाहणं हाच सण होता. चाकावरून दोर करकरत वर यायचा आणि पोहऱ्यातलं पाणी हिंदकळून पुन्हा आत पडायचं. माहेरी एवढं सांडलं असतं तर आईने माझी कणीक तिंबली असती.

एवढ्या नियमांच्या घरात एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. आडाच्या एका अंगाला गोठा होता, आणि गोठ्याच्या कडेला उकिरडा. तो इतका जवळ की पाणी ओढताना दोन पावलं मागे सरकलं की टाच शेणात जायची. मी नवीन, काय बोलणार? पण जिजी बोलायच्या. रोज नाही, आठवड्यातून एकदा, भाकरी थापता थापता.

"उकिरडा तिथून हालवा म्हनते मी."

आबांचं उत्तर ठरलेलं. "माह्या बापानं तो तिथं ठेवला. त्यानं आड बी खंदला. त्याले काय कळत नव्हतं?"

"तवा गोठ्यात एक गाय होती. आता किती ढोरं हायेत?"

"खताले सोनं म्हनतात."

"मंग सोनं तिजोरीत ठेवा, पान्याजवळ काहाले?"

इथे आबा उठून मळ्यात निघून जायचे. केळीची बाग असलेल्या माणसाला बायकोच्या बोलण्यातून सुटायला कायमची जागा असते. आमचे हे तेव्हा जळगावात एका कचेरीत नोकरीला होते, सकाळच्या एसटीने जायचे आणि संध्याकाळी यायचे. या वादात त्यांनी कधी तोंड घातलं नाही. त्यांना दोघांच्याही हातचं खायचं होतं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात पाऊस फार झाला. गोठ्यापुढे पाणी तुंबलं, ते उकिरड्यातून फिरलं आणि तिथेच मुरलं. दोन-तीन दिवसांनी मी पोहरा ओढला तेव्हा पाण्याला किंचित पिवळट झाक होती. वासही होता, अगदी थोडा, पण होता. जिजींनी तोंडात घोट घेऊन थुंकला. त्याच आठवड्यात गल्लीतल्या लेकरांना जुलाब सुरू झाले. आमच्या आडाचं पाणी सगळी गल्ली न्यायची, त्यामुळे जिजींच्या जिवाला घोर लागला.

गावातल्या आरोग्य उपकेंद्रात एक तरुण नर्सबाई होत्या. शेजारच्या गावातल्या बौद्ध कुटुंबातल्या, शिकून नोकरीला लागलेल्या. जिजींनी मला त्यांच्याकडे पाठवलं. त्या पांढऱ्या पावडरची पुडी घेऊन लगेच आल्या, पण ओट्याच्या खालीच थांबल्या. पुडी पुढे करून म्हणाल्या, "ही बादलीत कालवायची, खडे खाली बसू द्यायचे आणि वरची निवळी आडात सोडायची. मी सांगते तसं सूनबाईंना करू द्या."

जिजी म्हणाल्या, "तिले काय कळतं त्यातलं, आन् मले काय कळतं? तू वर ये. तूच टाक."

नर्सबाईंनी एकदा जिजींकडे पाहिलं. मग चपला काढल्या, ओट्यावर आल्या, पदर खोचला आणि कामाला लागल्या. बादलीतली निवळी त्यांनी पोहऱ्यात ओतली, पोहरा पार खाली पाण्यात बुडवला आणि दोर हलवून हलवून औषध सगळीकडे फिरवलं. आज कोणी हे पाणी भरू नका म्हणाल्या. जाता जाता त्यांची नजर उकिरड्याकडे गेली.

"जिजी, हे औषध म्हणजे ताप आल्यावर गोळी घेण्यासारखं आहे. ताप कशानं येतो ते हे समोर आहे. आणि आड कधी उपसलाय शेवटचा?"

जिजींनी आठवून पाहिलं. त्यांच्या पोरांच्या जन्माआधी कधीतरी उपसला होता.

समोरच्या घरातल्या अक्का हे सगळं दारातून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पाण्याला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्या चौकातल्या हापशावरून पाणी आणू लागल्या. औषधाच्या वासामुळे येत नाही असं त्यांनी सांगितलं, पण खरं कारण काय ते मला कळलं आणि जिजींनाही. जिजी एवढंच म्हणाल्या, "हापशाचं पानी खारट हाये. दाळ शिजनार नही." आणि तसंच झालं. आठवडाभर कच्ची डाळ खाऊन अक्का मुकाट्याने हंडा घेऊन परत आल्या. जिजींनी त्यांचा हंडा भरून दिला.

आबा मात्र औषधावर खरंच रुसले होते. पाण्याला दवाखान्याचा वास येतो म्हणून ते मळ्यातून कळशी भरून आणायचे आणि आपल्या उशाशी ठेवायचे. ती कळशी संपली की गुपचूप आमच्या माठातलंच प्यायचे. माठाचं झाकण तिरपं दिसलं की आम्हाला कळायचं.

हिवाळा गेला. उन्हाळ्यात आडाचं पाणी खाली गेलं की तो उपसायचा, असं जिजींनी मनाशी ठरवलं होतं, आणि तेही आखाजीच्या आत. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. "घागर भरायची तर चांगल्या पान्याची भरायची," जिजी म्हणाल्या. "मेलेल्या मानसाले काय गढूळ पानी पाजायचं?"

मीही आखाजीला माहेरी जाणार होते, पण आड उपसलेला बघितल्याशिवाय माझा पाय निघेना. आईला निरोप धाडला की दोन दिवस उशिरा येते.

गाळ काढणारी माणसं ठरवली होती. ती लग्नसराईत कुठेतरी अडकली आणि आलीच नाहीत. एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही तेच. आखाजी तोंडावर आलेली. आमच्या ह्यांनी त्या दिवशी रजा काढली होती. त्यांनी आणि त्यांच्या दोन चुलतभावांनी सकाळपासून पाणी उपसायला सुरुवात केली. आम्ही बायका ते पाणी बादल्यांनी नेऊन केळीच्या आळ्यात आणि ढोरांच्या हाळात ओतत होतो. पाणी गुडघ्याएवढं राहिलं. आता आत कोणीतरी उतरायला हवं होतं. तिघे पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. एकाला पोहता येत नव्हतं, एकाला खाली पाहिलं की चक्कर यायची, आणि आमचे हे म्हणाले की मी दोर धरतो, दोर धरायला भरवशाचा माणूस लागतो.

जिजी ओट्यावर बसून हे ऐकत होत्या. त्या उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, पदर कमरेला गुंडाळलेला.

"कंदील पेटवा," त्या म्हणाल्या.

भर दुपारी कंदील कशाला, मला कळेना. त्यांनी तो दोराला बांधून आडात सोडला. बुडाशी हवा खराब असली तर ज्योत विझते आणि माणूसही. ज्योत नीट तेवत राहिली. कंदील वर घेतला, आणि जिजींनी दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधायला सुरुवात केली.

"माय, तू काय करू राह्यली?" आमचे हे घाबरून म्हणाले.

"तापीकाठची हाये मी. तुह्याहून लहान होती तवा पुरात पोहायची. गुडघाभर पान्याले भ्यायची काय?"

त्यांना अडवण्याची कोणाची छाती नव्हती. बाहेर काढलेल्या दगडांवर एकेक पाय टेकत त्या खाली गेल्या. ह्यांनी दोर इतका घट्ट धरला होता की खालून आवाज आला, "सोड थोडा, कंबर कापते." मी कठड्याशी उभी होते. भीती वाटत होती, आणि तरीही मला मनातून फार मजा वाटत होती. आमच्या घरात अशी बाई आहे, हे मला आजपर्यंत ठाऊकच नव्हतं.

मग गाळाची घमेली वर यायला लागली. बातमी गल्लीत पसरली आणि सगळे परसात जमले. गाळाबरोबर काय काय वर आलं. पितळेचे दोन तांबे, एक चेमटलेली बादली, पळ्या, कुलूप, आमच्या ह्यांचा शाळेतला कंपास. तो हरवला म्हणून त्यांनी तेव्हा मार खाल्ला होता; कंपास त्यांनी लगेच सगळ्यांना दाखवला. आणि एका घमेल्यात एक अडकित्ता निघाला. गंजलेला होता, पण मुठीवरची मोराची नक्षी शाबूत होती.

समोरच्या अक्का पुढे झाल्या आणि तो हातात घेऊन उभ्याच राहिल्या. हा त्यांचा अडकित्ता, पाणी ओढताना कधीतरी कमरेतून निसटलेला. तो त्यांच्या धाकट्या जावेने चोरला असं त्या कित्येक वर्षं म्हणत आल्या होत्या, आणि दोघींचं बोलणं त्यावरूनच बंद होतं. अक्कांनी अडकित्ता पदरात गुंडाळला आणि मागच्या गल्लीत जावेच्या घराकडे चालू लागल्या. पुढे तिथे काय झालं ते आम्हाला कळलं नाही, पण त्या आखाजीला दोघी एकाच झोक्यावर बसलेल्या सगळ्यांनी पाहिल्या.

एवढ्यात आबा मळ्यातून आले. परसात एवढी गर्दी पाहून त्यांना वाटलं, ठरवलेली माणसं आली.

"कोन हाये आत?" त्यांनी विचारलं.

आमचे हे दोराकडे बघत राहिले.

खालून आवाज आला, "मी हाये."

आबा मटकन ओट्यावर बसले. मग त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली चिखलाने माखलेल्या जिजी वर पाहत होत्या.

"तुम्ही आले ते बरं झालं," जिजी म्हणाल्या. "जरा खाले या. तुम्हाले काहीतरी दाखवायचं हाये."

"मी? आत?"

"मी उतरली, तुम्ही काहून नही?"

आता सगळी गल्ली पाहत होती. आबा अंगाने चांगले भरलेले, दगडांवर पाय टेकत उतरणं त्यांना जमणार नव्हतं. पण आखाजीच्या झोक्यासाठी नवा दोर आणि लाकडी फळी अंगणात काढून ठेवलीच होती. तोच झोका चाकावरून आडात सोडला. आबा फळीवर बसले, दोन्ही दोर घट्ट धरले, डोळे मिटले आणि देवाचं नाव घेत खाली गेले. अर्ध्यावर फळी दगडाला अडकून गरगर फिरली, तेव्हा देवाचं नाव जरा मोठ्याने ऐकू आलं.

आबा खाली पोचले आणि दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. जागाच तेवढी होती. वरून कोणीतरी म्हणालं, "आबा-जिजी एवढे जवळ लग्नात तरी उभे राह्यले होते काय?" आणि सगळे हसले. खालून मात्र हसू आलं नाही. जिजी हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. त्या पुन्हा पुन्हा आबांचा हात धरून दगडांच्या सांध्यांवर ठेवत होत्या, एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या.

जिजींनी काय दाखवलं ते नंतर त्यांनीच मला सांगितलं. एका अंगाने मुरमातून स्वच्छ झरा येत होता, हाताला गार लागणारा. दुसऱ्या अंगाला, म्हणजे गोठ्याच्या बाजूला, दगडांच्या सांध्यांतून तपकिरी चिकट पाणी पाझरत होतं. भर उन्हाळ्यातसुद्धा. खालचे दगड त्या एकाच बाजूने काळे झाले होते. जिजींनी आबांची बोटं तिथे टेकवली आणि म्हणाल्या, "आता वास घ्या." एवढंच. वर आयुष्यभर भाकरी थापताना जे सांगून झालं नव्हतं, ते खाली एका वाक्यात झालं.

आबांना वर ओढायला पाच-सहा जण लागले. वर आल्यावर त्यांनी आधी हात धुतले. मग पुन्हा धुतले. आणि जाऊन ओसरीवर बसले. थोड्या वेळाने जिजीही वर आल्या. मी त्यांच्या अंगावर पाणी ओतत होते. त्या थंडीने कुडकुडत होत्या, ऐन उन्हाळ्यात, आणि हसत होत्या.

"काय म्हनले आबा खाली?" मी विचारलं.

"म्हनले, बापाले माह्या हे दाखवायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात बैलगाडीचा आवाज झाला. आबांनी गाडी जुंपली होती आणि स्वतः फावड्याने उकिरडा गाडीत भरत होते. आमचे हे मदतीला गेले तर त्यांनी त्यांना दुसरं फावडं दिलं. दिवसभर खेपा चालल्या. सगळं खत मळ्याच्या बांधाला गेलं. रिकाम्या झालेल्या जागेत मुरूम टाकून आबांनी तो धुम्मसाने ठोकून घेतला आणि पाणी आडाकडे न येता उलट्या दिशेने जाईल असा उतार काढला.

आडात नवं पाणी चढलं ते काचेसारखं होतं. नर्सबाईंनी येऊन औषध सोडलं, या वेळी कोणी वर ये म्हणायची वाट न पाहता. दोन दिवसांनी औषधाचा वास गेला, तेव्हा जिजींनी त्यांना मुद्दाम बोलावलं. नर्सबाईंनी स्वतःच्या हाताने पोहरा ओढला आणि ओंजळीने पाणी प्याल्या. त्या वेळी अक्का तिथे सुपारी कातरत बसल्या होत्या, त्याच अडकित्त्याने. त्यांनी चार तुकडे उचलले आणि नर्सबाईंच्या तळहातावर ठेवले. वरून टाकले नाहीत, ठेवले. मी ते पाहिलं, जिजींनीही पाहिलं, आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो.

आखाजीची घागर भरून झाली आणि मी माहेरी गेले. परत आले तोवर कठडा छातीएवढा उंच बांधून झाला होता आणि ओट्याला सिमेंट लागलं होतं. ह्यांनी जळगावहून लोखंडी जाळीचं झाकण करून एसटीच्या टपावरून आणलं होतं. सांडलेलं पाणी जायला नाली काढली होती, तिच्या टोकाला अळू लावला होता. त्या अळूची भाजी आम्ही पुढे अनेक वर्षं खाल्ली.

खरी गंमत आबांची झाली. ते गावात ज्याच्या त्याच्या घरी जाऊन आड पाहू लागले. कोणाचा उकिरडा जवळ आहे, कोणाची मोरी आडाच्या वरच्या अंगाला आहे, कोणाचा कठडा फुटलाय, सगळं हुडकून काढायचे. नर्सबाई औषध टाकायला निघाल्या की आबा पुढे आणि त्या मागे. कोणी ऐकलं नाही तर आबा दारात बसून राहायचे. चहा दिला तरी उठायचे नाहीत. चहाच्या पाण्याचा वास घ्यायचे. त्यांच्यामुळे पुढच्या दोन वर्षांत आमच्या गावातले बरेच उकिरडे शेताच्या वाटेला लागले. काही लोकांनी तर आबा घरी येऊन बसतील या भीतीनेच ते हलवले.

एकदा मी दुकानात मीठ आणायला गेले होते. आबा बाकावर बसून चार-पाच जणांना समजावत होते.

"आडाजवळ उकिरडा म्हनजे घरात दुश्मन," ते म्हणत होते. "वरून पान्याले पाहून काही कळत नही. खालून पाहावं लागते."

एकाने विचारलं, "आबा, तुम्हाले हे कोनी शिकवलं?"

आबांनी मला पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मी सोता उतरून पाह्यलं ना भाऊ."

मी घरी येऊन जिजींना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या. "खरंच हाये," त्या म्हणाल्या. "उतरले होते ते." आणि त्या दिवशी त्यांनी आबांच्या ताटात लोण्याचा गोळा जरा मोठाच वाढला.